धनंजय माने आता कुठे राहतात?

मराठी सिनेमातलं बहुधा सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलेलं विनोदी वाक्य म्हणजे पत्त्याची चौकशी आहे. धनंजय माने नावाचा माणूस इथेच राहतो का, एवढाच तो प्रश्न. त्यात कोटी नाही, चावटपणा नाही, शब्दांचा खेळ नाही. लक्ष्मीकांत बेर्डे ज्या सुरात तो विचारतो त्या सुराला आपण हसतो, हे खरं. पण इतकी वर्षं हे वाक्य टी-शर्टांवर, स्टिकरांत आणि मीम्समध्ये फिरतंय आणि त्यातल्या 'राहणं' या क्रियापदाकडे कुणी फारसं बघत नाही. माझं म्हणणं असं की 'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमाच त्या क्रियापदाबद्दल आहे. साड्या, विग, पोटावर बांधलेली उशी हे सगळं त्याच्या नंतर येतं.

आमच्या पिढीची अडचण अशी की आमच्यातल्या बहुतेकांनी हा सिनेमा सुरुवातीपासून पाहिलेलाच नाही. २३ सप्टेंबर १९८८ ला तो थेटरात लागला तेव्हा आम्ही जन्मालाही आलो नव्हतो. आम्हाला तो टीव्हीवर मधूनच भेटला, मग यूट्यूबवर तुकड्यांत, मग तीस सेकंदांच्या रीलमध्ये. तुकडे पाठ आहेत. त्यामुळे 'बनवाबनवी परत करावा का' हा वाद जेव्हा जेव्हा पेटतो तेव्हा तो तुकड्यांवरून पेटतो. लक्ष्याच्या जागी कोण? अशोकमामांचं टायमिंग आणणार कुठून? लिंबू रंगाची साडी कुणाला शोभेल? एक गट म्हणतो हात लावाल तर याद राखा, दुसरा गट कास्टिंग सुचवत बसतो. दोन्ही गटांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की सिनेमा म्हणजे ते चेहरे आणि ते संवाद. त्या चेहऱ्यांना तोड नाही हे मलाही मान्य आहे. पण गोष्ट वेगळी काढून बघता येते, आणि या गोष्टीच्या बाबतीत तर ती तीन-चारदा वेगळी काढून झालेली आहे.

हात लावू नका म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 'बनवाबनवी' स्वतःच रिमेक आहे. त्याच्या आधी हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' होता, १९६६ चा. मेहमूद, विश्वजीत, केष्टो मुखर्जी. आणि त्याच्याही आधी १९५५ मध्ये 'जय माकाली बोर्डिंग' हा बंगाली सिनेमा. म्हणजे सचिन पिळगांवकर आणि वसंत सबनीस यांच्या हातात ही गोष्ट आली तेव्हा तिचे दोन संसार होऊन गेले होते. त्या काळात हे वावगंही नव्हतं. महेश कोठारेंचा 'धुमधडाका' सुद्धा तमिळ सिनेमावरून हिंदीत आणि मग मराठीत आलेला. ज्याला आपण आपला अस्सल मराठी खजिना म्हणतो तो बराचसा असा उसना आणून, धुऊन, पुन्हा शिवून घेतलेला आहे. शिवणारे हात कसबी होते, एवढंच.

शिलाई कुठे दिसते? माझ्या मते सगळ्यात आधी व्याकरणात. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं. 'मी आलो' आणि 'मी आले' यात बंगाली माणूस फरकच करत नाही. त्यामुळे मूळ बंगाली गोष्टीत बाईचा वेश घेतलेल्या पुरुषाला आवाज सांभाळावा लागला असेल, चाल सांभाळावी लागली असेल, पण वाक्य सांभाळावं लागलं नसणार. हिंदीत ते सांभाळावं लागतं. आणि मराठीत तर तीन लिंगं, त्यामुळे तोंड उघडलं की धोका. धनंजय पार्वतीची ओळख करून देताना बायकोला पुल्लिंगी सर्वनाम लावून बसतो, त्या गोंधळाला आपण पोट धरून हसतो. तो विनोद बंगालीत जन्मूच शकला नसता. प्रत्येक साधं वाक्य पकडलं जाण्याची शक्यता घेऊन येतं, आणि प्रेक्षकाला ते नियम शाळेत न जाताही ठाऊक असतात. संवादलेखकाला यापेक्षा मोठी देणगी कुठली?

जाता जाता, या परीक्षेत पळवाटाही आहेत. भविष्यकाळात 'मी येईन, मी करीन' म्हटलं की बोलणारा कोण ते कळत नाही. 'मी चहा घेतला, मी भाकरी खाल्ली' यात क्रियापद चहा-भाकरीशी जुळतं, बोलणाऱ्याशी नाही. म्हणजे हुशार सोंगाड्याने फक्त खाल्लेल्या गोष्टींबद्दल आणि उद्याबद्दल बोलावं. आणि सगळ्यात मोठी पळवाट कोल्हापूर. तिथल्या बायका बिनदिक्कत 'मी जातो, मी आलो' म्हणतात. पार्वतीचं माहेर तिकडचं आहे एवढं एकदा सांगून टाकलं असतं तर निम्मी जोखीम गेली असती. (आणि निम्मा सिनेमाही.)

आता मूळ मुद्द्याकडे, घराकडे. सुरुवातीपासून नीट पाहिलं तर सिनेमा बराच वेळ साडीशिवाय चालतो. पुण्यात धनंजय माने सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो आणि विश्वासराव सरपोतदारांकडे भाड्याने राहतो. मग धाकटा भाऊ शंतनू शिकायला येतो. मग सुधीर येतो, परशुराम येतो. एका माणसाच्या जागेत चौघं झाल्यावर जे व्हायचं ते होतं आणि बिऱ्हाड रस्त्यावर येतं. पुढे लीलाबाई काळभोर यांचा बंगला मिळतो, पण अट एकच: जोडपी हवीत. अशा वेळी चार सडेफटिंग पुरुष काय करतील? दोघे नवरे होतात, दोघे बायका. कुणालाही बाईचा वेश घ्यायची हौस आलेली नाही. साडी हे इथे डिपॉझिट आहे.

लीलाबाईंची अट निव्वळ सोवळेपणाची नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली होती आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणं महाकठीण करून ठेवलं होतं. घरमालक जन्मभराचं नातं जोडल्यासारखा भाडेकरू निवडायचे, किंवा जागा कुलूप लावून ठेवायचे. १९९९ चा नवा कायदा आला, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची पद्धत घट्ट झाली, आता भाडेकरू जात नाही ही भीती जवळपास संपली. पण अट? ती जागच्या जागी आहे. भाड्याच्या घरांच्या जाहिराती उघडा. 'ओन्ली फॅमिली'. मला स्वतःला फोनवर पहिला प्रश्न पगाराचा विचारला गेलेला नाही. लग्न झालंय का, हा पहिला. आडनाव काय, हा दुसरा. कायद्याचं कारण गेलं आणि अट तेवढी राहिली, तेव्हा ती अट मुळात कशाची होती ते उघड होतं.

आडनावावरून आठवलं. सरपोतदार, माने, काळभोर अशी आडनावं या सिनेमात एका छपराखाली फिरतात आणि त्यावरून एकही वाकडा शब्द निघत नाही. १९८८ च्या पुण्यात खरंच तसं होतं यावर माझा विश्वास नाही. सिनेमाने तो प्रश्न शांतपणे बाजूला ठेवला. आज कुणी ही गोष्ट हाती घेतली आणि आडनावाचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला नाही, तर आम्ही भाड्याने राहणारे लोक खुर्चीतून उठून जाऊ.

हिंदीत २००९ मध्ये 'पेइंग गेस्ट्स' आला, हीच गोष्ट थायलंडमध्ये नेऊन. जावेद जाफरीसारखा अंगात लवचीकपणा असलेला नट हाताशी असूनही तो सिनेमा मला लागला नाही, आणि कारण सोपं आहे. समुद्रकिनारी, चकचकीत बंगल्यात, सुट्टीवर असल्यासारखी माणसं बेघर आहेत हे पटत नाही. घराची निकड गेली की साडी म्हणजे फक्त फॅन्सी ड्रेस.

'बनवाबनवी'ची खरी करामत मात्र दोन घरमालकांमध्ये आहे. सरपोतदार कंजूष, संशयी, भाडेकरूला पिळणारा. त्याला फसवताना प्रेक्षकाला काहीच वाटत नाही. मधुमेहाच्या औषधाचे सत्तर रुपये कुठे गेले असं तो विचारतो, आणि औषध आणणाऱ्या माणसाबरोबर ते पैसेही वारल्याचं धनंजय त्याला सांगतो. अशोक सराफ ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतात की वारलेल्या पैशांना श्रद्धांजली वाहावीशी वाटते. हे फुकटातलं खोटं आहे. पुन्हा कुणी मागायला येत नाही.

लीलाबाईंशी बोललेलं खोटं तसं नाही. ते रोज सांभाळावं लागतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही ज्याला टेक्निकल डेट म्हणतो तोच प्रकार: घाईत एक जुगाड केला की पुढचं प्रत्येक काम त्या जुगाडाभोवती वळसा घालून करावं लागतं, आणि व्याज चढत जातं. दोन बायका आहेत म्हटल्यावर त्या दोघी आणि त्यांच्या आतले दोघं पुरुष एकाच वेळी कधीच दिसायला नकोत. बायका आहेत म्हटल्यावर संसार हवा. संसार म्हटल्यावर गोड बातमी हवी. नयनतारा यांनी लीलाबाई ज्या मायेने उभी केली आहे ती मायाच या व्याजाचा दर वाढवते. एकटी, पैसेवाली, दिलदार बाई. तिला खोटं बोलणाऱ्यांची शंका येत नाही कारण तिला ती माणसं हवी आहेत.

आणि मग डोहाळजेवण. पार्वतीला दिवस गेल्याचं सोंग आणि तिच्यासाठी थाटामाटात केलेला सोहळा, गाणं, सजवलेली लक्ष्मीकांत बेर्डेंची मूर्ती. मराठी सिनेमातल्या सगळ्यात हसऱ्या गाण्यांपैकी ते एक आहे. पण एकदा फक्त लीलाबाईंच्या बाजूने ते गाणं बघा. आपल्या घरात मूल खेळणार म्हणून ही बाई आनंदली आहे, आणि त्या पोटात कापूस आहे. मला त्या गाण्यात दर वेळी हसूही येतं आणि थोडं गिळायलाही होतं. सिनेमा तिथे थांबत नाही, थांबला असता तर विनोदी राहिला नसता. पण तो तिथवर जातो. पुढच्या शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. खलनायक येतो, पळापळ होते, मारामारी होते, जोड्या जुळतात, आणि लीलाबाईंना काय वाटलं असेल हा प्रश्न गर्दीत चेंगरून जातो. ज्या दुःखाची तयारी त्या गाण्याने इतकी छान केली होती, त्याला शेवटी बसायला जागाच मिळत नाही.

आता साड्यांबद्दल बोलू. इथे दोन वेगवेगळ्या परंपरा शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि ते योगायोगाने झालं असं मला वाटत नाही. सचिनची सुधा दिसायला देखणी आहे, तिची चाल, मान वळवणं, पदर सावरणं हे सगळं नजाकतीचं. ही संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांची वाट. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, म्हणजे हा सिनेमा त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी आला. ज्यांच्या साड्या आणि अंबाडे बघून बायका नटायला शिकल्या, त्या परंपरेची धाकटी, खट्याळ नात म्हणजे सुधा. लक्ष्मीकांतची पार्वती त्या घराण्यातली नाहीच. ती तमाशाच्या गवळणीतली मावशी आहे. पुरुष बाई झालाय हे सगळ्यांना माहीत असतं आणि मावशीलाही ते लपवायचं नसतं. वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं होतं, वगनाट्याचं अंग त्यांना पुरतं ठाऊक. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या प्रेक्षकांना विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' ताजी होती. जावा-जावा म्हणून एक गंधर्वांच्या रंगमंचावरून आलेली आणि एक तमाशाच्या फडातून आलेली, अशी ही जोडी आहे. त्यांची जुगलबंदी म्हणून तर इतकी रंगते. म्हणून 'लक्ष्याच्या जागी कोण' हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. त्याच्यासारखं तोंड करणारा नट शोधून काही मिळणार नाही. फडातली मावशी माहीत असलेला नट शोधावा.

पण इथेच एक अवघड गोष्ट आहे. इंजिनिअरिंगला होस्टेलवर आमच्या मजल्यावर एक मुलगा होता. आवाज मऊ, हातवारे थोडे जास्त. पहिल्या महिन्यातच त्याचं नाव 'पार्वती' पडलं. मेसमध्ये तो आला की कुणीतरी बायकी आवाज काढायचं आणि टेबल हसायचं. चार वर्षं त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे मोजकेच. सिनेमाला याबद्दल दोषी धरावं का? मी त्यासाठीच सिनेमा पुन्हा पाहिला, आणि एक गोष्ट लक्षात आली जी होस्टेलवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. पार्वतीला आपण हसतो, प्रेक्षक. सिनेमातली माणसं तिची कुचेष्टा करत नाहीत. त्या बंगल्यात पार्वती ही मान असलेली सून आहे, लीलाबाई तिला जपते, तिचे लाड करते. तिच्या बेढबपणावरून घरात कुणी तिला टाकून बोलत नाही. तो बंगला, विनोदाच्या आडून का होईना, आमच्या होस्टेलपेक्षा कितीतरी सुसंस्कृत जागा आहे. आम्ही सिनेमातून हसू उचललं आणि लीलाबाई तिथेच सोडून आलो. रीलमध्ये तेवढंच मावतं.

हे सगळं डोक्यात ठेवून मी आज हा सिनेमा कसा करीन?

पहिला सरळ विचार म्हणजे तोच वेश, आजच्या काळात. तो दहा मिनिटांत कोसळतो. भाडेकरार आता घरबसल्या नोंदवला जातो, आधार आणि अंगठ्यासकट. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. १९८८ मध्ये खोटं अंगाने बोलता यायचं, आता ते कागदाशी जुळावं लागतं. पार्वतीचा अंगठा यंत्रावर ठेवला की परशुराम बाहेर येणार. दुसरा विचार म्हणजे घरमालकाच्या जागी सोसायटीची कमिटी, तिचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गेटवरचं अ‍ॅप. यात गमती भरपूर आहेत, पण मला तो मोह टाळावासा वाटतो. कमिटी म्हणजे अकरा सरपोतदार. त्यांना फसवण्यात व्याज चढत नाही. गोष्टीला लीलाबाईच हवी.

मग खोटं कुठलं? मी गोष्ट उलटी करीन. जुन्या सिनेमात दोन मित्र जोडपं असल्याचं सोंग करतात, कारण घर जोडप्यालाच मिळतं. माझ्या सिनेमात दोन पुरुष खरंच जोडपं आहेत आणि ते नुसते मित्र असल्याचं सोंग करतात. 'बनवाबनवी'ला तीस वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून सज्ञानांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे गुन्हा नाही, पण 'ओन्ली फॅमिली'तही नाही. 'दोन बॅचलर' म्हणून जागा मिळवणं हे त्यातल्या त्यात सोपं. विनोदाला यापेक्षा सुपीक जमीन मला तरी दिसत नाही, कारण इथे काही नवं उभं करायचं नाहीये, असलेलं रोज आवरून ठेवायचं आहे.

दोन खोल्या, दोन पलंग. दुसरा पलंग कुणी वापरत नाही, पण रोज सकाळी त्यावरची चादर विस्कटावी लागते. लीलाबाई खालच्या मजल्यावर राहतात आणि डबा घेऊन कधीही वर येतात. आणि त्या लीलाबाईच असल्यामुळे, एवढी चांगली कमावती दोन मुलं बिनलग्नाची राहिलेली त्यांना बघवत नाहीत. स्थळं सुरू होतात. हा माझा पार्वतीच्या पोटावरचा कापूस. स्थळं थांबवण्यासाठी दोघांतला एक सांगून टाकतो की माझं ठरलंय, मुलगी परदेशात असते. बस, व्याज चालू. लीलाबाईंना फोटो हवा. मग व्हिडिओ कॉल हवा. आणि इथे, तासाभराने, नेमकी गरज असते तिथे साडी येते. यांचा एक बेकार नट मित्र आहे, त्याला वाग्दत्त वधू म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवतात, चेहऱ्यावर फिल्टर लावून. विग घसरायच्या जागी नेटवर्क घसरतं. फिल्टर क्षणभर निसटतो आणि लीलाबाईंना होणाऱ्या सुनेला मिशी दिसते. त्या चष्मा पुसतात.

डोहाळजेवणाच्या जागी केळवण. लीलाबाई हौसेने पाट-रांगोळी करतात, नवऱ्या मुलाला पहिल्या पाटावर बसवतात, आणि मित्र म्हणून दुसऱ्याला शेजारी. त्या वाढतायत, आग्रह करतायत, आणि ज्याचं केळवण आहे त्याचं खरं माणूस शेजारच्याच पाटावर जिलबी गिळायचा प्रयत्न करतंय. हा प्रसंग विनोदी लिहायचा. अजिबात हळवा नाही. पहिल्या सिनेमाने तेच केलं होतं.

आणि व्याकरण? ते या वेळी उलटं वागेल. जुन्या सिनेमात मराठी भाषा सोंग पकडायला टपलेली होती. इथे ती सोंग झाकायला मदत करते, कारण मराठीत नपुंसकलिंग आहे. 'घरी कुणीतरी वाट बघतंय.' 'आमचं माणूस आजारी आहे.' ऑफिसात अशी वाक्यं बोलणारे लोक मला माहीत आहेत. ऐकणाऱ्याला त्यात बायको दिसते, बोलणाऱ्याने खोटं एक अक्षरही बोललेलं नसतं. शाळेत ज्या तिसऱ्या लिंगाचे मार्क गेले त्यात इतकी जागा आहे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. या वाक्यांवर एक अख्खा नट उभा राहू शकतो, आवाजही न बदलता. फक्त प्रत्येक वाक्याआधी अर्धा क्षण थांबायचं. अशोक सराफ त्या अर्ध्या क्षणाचे राजे आहेत. माझ्या सिनेमात त्यांना घ्यायचं तर मी सरपोतदार करीन, औषधाच्या पैशांची अजून वाट बघणारा.

जुनी लीलाबाई सगळं कळल्यावर काय म्हणाली असेल हे मी किती वेळा लिहून खोडलंय. पहिल्या मसुद्यात ती रडली, ते खोटं वाटलं. दुसऱ्यात तिला आधीपासून माहीत होतं, ही तर सगळ्यात आळशी युक्ती. तिला माहीत असेल तर केळवण क्रूर ठरतं, आणि तिने केलेलं नाही, यांनी केलंय. सध्याच्या मसुद्यात ती दोन दिवस वर येत नाही. डबा नाही, बेल नाही. तिसऱ्या दिवशी करार संपायला आलाय म्हणून कागद घेऊन येते, दोघांच्या सह्या घेते, आणि निघताना म्हणते की आतल्या खोलीतला तो पलंग काढून ठेवा, मला गच्चीवरच्या खोलीत लागणार आहे. मित्र म्हणतो ही माफी फार स्वस्तात पडली. मी म्हणतो ही माफी नाहीच, केळवणाचा हिशेब अजून बाकी आहे, ती फक्त पलंग मागतेय. आमचं अजून ठरत नाहीये.